घरची सरबतं आणि सॉस : सारखे सारखे येणारे प्रश्न

सरबत, सिरप, शेक, सॉस, मेयो यांबद्दल जे प्रश्न फिरून फिरून येतात ते इथे एकत्र केलेत. सोपे आधी, किचकट नंतर. उत्तरात दुसऱ्या प्रश्नाचा नंबर दिसला तर तिकडे बघा, तेच ते दोनदा लिहिलेलं नाही. मापं अशी धरलीत: कप 240 मिली, टेबलस्पून 15 मिली, टीस्पून 5 मिली.

1. मला यातलं काहीच येत नाही, सुरुवात कशाने करू?

साखरेच्या साध्या सिरपने. एक कप साखर, एक कप पाणी, मंद गॅसवर साखर विरघळेपर्यंत ढवळायचं आणि गॅस बंद. तार बघायची नाही, आटवायचं नाही. हे फ्रिजमध्ये तयार असलं की निम्मी पेयं पाच मिनिटांत होतात, आणि गार पाण्यात साखर विरघळायची वाट बघत चमचा फिरवत बसावं लागत नाही.

लिंबू सरबताचं माप हवं असेल तर साधारण एक लिटरला अर्धा कप लिंबाचा रस, पाऊण कप सिरप, तीन कप पाणी, चिमूटभर मीठ. सिरप एकदम सगळं ओतू नका, आधी अर्धा कप घालून चव बघा. बर्फ घालणार असाल तर थोडं कडकच ठेवा, बर्फ विरघळला की चव पातळ होते.

2. सिरप किती दिवस टिकतं? माझ्या बाटलीत पांढरे धागे दिसतायत.

धागे दिसतायत म्हणजे बुरशी, बाटली रिकामी करा. गढूळपणा, बुडबुडे किंवा आंबूस वास आला तरी तेच.

समसमान मापाचं सिरप फ्रिजमध्ये तीन-चार आठवडे धरा. साखर पाण्याच्या दुप्पट घेतली तर त्याहून बरंच जास्त टिकतं, कारण साखर पाणी धरून ठेवते आणि जंतूंना वापरायला पाणी उरत नाही. म्हणूनच "साखर निम्मी केली तरी तितकंच टिकेल ना" याचं उत्तर नाही असं आहे. साखर, आंबट आणि मीठ हे नुसते चवीला नसतात, टिकवायचं कामही तेच करतात, त्यामुळे जिथे तुम्ही ते कमी कराल तिथे घाणा छोटा करा आणि लवकर संपवा.

दाट सिरपच्या तळाशी कडक खडे बसले तर ती साखरच आहे, जरा गरम करा, जाईल. सिरपमध्ये फळाचा गर घातला असेल तर मात्र आठवड्याभरात संपवायचं.

3. लिंबू सरबत सकाळी छान लागतं, दुपारी कडू. असं का?

बिया आणि सालीखालचा पांढरा भाग. त्यातून लिमोनिन नावाचं कडू द्रव्य रस काढल्यावर हळूहळू तयार होतं, म्हणून लगेच कळत नाही आणि नंतर बोंब होते. बिया आधी काढा, लिंबू अगदी शेवटच्या थेंबापर्यंत पिळू नका, आणि अख्खं लिंबू मिक्सरला लावायची जी पद्धत आहे ती लगेच प्यायचं असेल तरच वापरा. सालीचा वास हवा असेल तर फक्त वरची पिवळी साल किसून कोमट सिरपमध्ये टाका आणि गाळून घ्या.

4. साखरेऐवजी मध घातला की हेल्दी झालं ना?

चव वेगळी झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये वरून घातलेली साखर, मध, सिरप आणि फळांचा रस हे सगळं एकाच हिशोबात धरलंय. दिवसभराच्या उष्मांकांच्या 10 टक्क्यांपेक्षा कमी आणि जमलं तर 5 टक्क्यांच्या खाली. 2000 कॅलरी खाणाऱ्या माणसाला हे म्हणजे 50 ग्रॅम आणि 25 ग्रॅम. प्रश्न 1 मधल्या सरबताच्या 200 मिलीच्या ग्लासात सुमारे 20 ग्रॅम साखर जाते, म्हणजे एका ग्लासात कडक मर्यादा जवळजवळ संपली. तेव्हा मधाच्या मागे लागण्यापेक्षा ग्लास छोटा करा, किंवा दर आठवड्याला सिरप एकेक चमचा कमी करत जा, घरात कोणाला पत्ताही लागत नाही.

आणि एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नाही, चाटवायलाही नाही, शिजवलेला पण नाही. बोट्युलिझमचा, म्हणजे जंतूंच्या विषाने होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेचा, धोका असतो.

5. मुलांना घरी काढलेला ताजा ज्यूस किती द्यायचा?

अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने 2017 मध्ये दिलेलं माप असं: एक वर्षापर्यंत शून्य, 1 ते 3 वर्षं दिवसाला जास्तीत जास्त 120 मिली, 4 ते 6 वर्षं 120 ते 180 मिली, त्यापुढे 18 पर्यंत 240 मिली. ज्यूस घरचा आहे म्हणून हे माप वाढत नाही. फळ कापून दिलं तर सगळ्यात बरं, आणि प्यायचंच असेल तर न गाळता द्या.

6. जुलाब होतायत, घरचं लिंबू सरबत देत राहिलं तर चालेल ना?

नाही. सरबतात साखर खूप जास्त आणि मीठ कमी असतं, त्याने जुलाब वाढू शकतात. ओआरएसचं पाकीट आणा आणि त्यावर लिहिलंय तितक्याच पाण्यात कालवा. पाकीट मिळेपर्यंत एक लिटर स्वच्छ पाण्यात 6 सपाट टीस्पून साखर आणि अर्धा सपाट टीस्पून मीठ. सपाट म्हणजे सपाट, मीठ अंदाजाने टाकायचं नाही, जास्त झालं तर मुलाला धोका आहे. बाळ लहान असेल, सुस्त पडलं असेल, लघवी होत नसेल तर प्रश्न वाचत बसू नका, डॉक्टरकडे जा.

7. शेकमध्ये अननस घातला तर कडू झाला आणि संत्रं घातलं तर फाटला. दूधच खराब होतं का?

दूध बिचारं चांगलं होतं, दोन्हीकडे कारणं वेगळी आहेत. अननस, पपई आणि किवी या फळांत प्रोटीन तोडणारी एन्झाइम्स असतात, ती दुधातल्या प्रोटीनचे तुकडे करतात आणि ते तुकडे कडू लागतात. लगेच प्यायलं तर जाणवत नाही, अर्धा तास ठेवलं की संपलं. फळ आधी पाच मिनिटं शिजवून गार करून घ्या किंवा डब्यातलं घ्या, डब्यातलं उष्णता दिलेलं असतं, एन्झाइम्स मेलेली असतात.

संत्र्याचं कारण आंबटपणा. दुधाचं पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) 4.6 च्या आसपास उतरलं की दुधातलं केसिन नावाचं प्रोटीन गोळा होतं. इथे फळ शिजवून उपयोग नाही कारण आंबटपणा तसाच राहतो, त्याऐवजी दुधाच्या जागी दही घ्या, ते आधीच जमलेलं असतं.

कच्च्या आल्याने दूध फाटतं तेही एन्झाइममुळेच, म्हणून आलं आधी पाण्यात उकळा आणि मग दूध घाला.

8. आइस्ड टी फ्रिजमध्ये ठेवला की गढूळ होतो.

चहातली टॅनिन्स (तुरट द्रव्यं) आणि कॅफीन गार झाल्यावर एकमेकांना चिकटतात, त्याचा तो ढगाळपणा. खराब झालेला नसतो. थोडं उकळतं पाणी घालून ढवळा, बऱ्यापैकी स्वच्छ होतो. पुढच्या वेळी पत्ती चार मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका आणि गरम चहा थेट फ्रिजमध्ये न ढकलता आधी बाहेर कोमट होऊ द्या. पण तासन्‌तास बाहेर नको.

9. जिंजर एल यीस्ट घालून घरी करायचाय. बाटली फुटते म्हणतात, खरंय?

खरंय. यीस्ट साखर खातं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं, बंद बाटलीत तो जाणार कुठे, आणि काच फुटली तर तुकडे डोळ्यात जाण्याइतक्या जोराने उडतात. करायचाच असेल तर सोड्याची रिकामी प्लॅस्टिकची बाटली वापरा, वर चार बोटं मोकळी सोडा, रोज बाटली दाबून बघा, दगडासारखी कडक लागली की लगेच फ्रिजमध्ये. फ्रिजमध्येही यीस्ट झोपतं, मरत नाही, त्यामुळे चार-पाच दिवसांत संपवा. थोडं अल्कोहोलही तयार होतं, मुलांसाठी करत असाल तर हे धरून चाला.

माझं मत विचाराल तर घरच्यांसाठी हा उपद्व्याप करूच नये. किसलेलं आलं प्रश्न 1 च्या सिरपमध्ये दहा मिनिटं मंद उकळा, गाळा, प्यायच्या वेळी लिंबू आणि गार सोडा वॉटर. चवीत उन्नीस-बीसचा फरक, तोही सगळ्यांना कळत नाही.

10. व्हाइट सॉसमध्ये दर वेळी गुठळ्या. काय चुकतंय?

बहुतेक मैदा थेट गरम दुधात पडतोय, किंवा दूध एकदम ओतलं जातंय. मैद्याच्या गोळ्याला बाहेरून गरम पाणी लागलं की वरचं स्टार्च फुगून चिकट होतं आणि आतला मैदा कोरडाच अडकून राहतो, तीच गुठळी. बटरचं काम एवढंच की मैद्याचा कण न् कण सुटा ठेवायचा.

2 टेबलस्पून बटर मंद गॅसवर वितळवा, त्यात 2 टेबलस्पून मैदा. मिनिटभर परता, फेसासारखं होतं आणि कच्चा वास जातो, रंग बदलू द्यायचा नाही. आता एक कप दुधातलं पाव कपच घाला. इथे ते एकदम आवळून कणकेसारखा गोळा होतं आणि इथेच लोक घाबरून उरलेलं दूध ओतून मोकळे होतात. नाही. तो गोळा व्हिस्कने गुळगुळीत होईपर्यंत घोटा, मग पुढचं पाव कप, परत घोटा, तिसऱ्या वेळेपासून ते आपोआप सैल पडतं. सगळं दूध गेल्यावर सतत हलवत तीन-चार मिनिटं मंद उकळा. चमचा बुडवून पाठीमागून बोटाने रेघ ओढा, रेघ तशीच राहिली की झाला.

पातळ हवा असेल तर बटर-मैदा एकेक टेबलस्पून, घट्ट हवा तर तीन-तीन, दूध तेवढंच. गुठळ्या झाल्याच तर गाळणीतून गाळा, कोण बघायला येतंय.

11. कॉर्नफ्लोअर लावून सॉस घट्ट केला, थोड्या वेळाने परत पाणी. का?

तीन शक्यता. एक म्हणजे उकळी यायच्या आधीच गॅस बंद केला, कॉर्नफ्लोअरला एक खळखळून उकळी लागतेच. दुसरी, उलटं, घट्ट झाल्यावर जोरजोरात ढवळत खूप वेळ उकळत ठेवलं, फुगलेले कण फुटतात आणि सॉस सैल होतो. तिसरी, लिंबू किंवा व्हिनेगर घालून उकळत ठेवलं, आम्लात स्टार्च तुटतं, म्हणून आंबट शक्यतो शेवटी, गॅस बंद केल्यावर. कॉर्नफ्लोअर नेहमी गार पाण्यात कालवून घाला आणि मैद्याच्या जागी वापरताना निम्मंच घ्या.

12. टोमॅटो केचप झालं हे ओळखायचं कसं?

बशीवर. एक चमचा केचप गार बशीवर टाका आणि मिनिटभर थांबा. गोळ्याभोवती पाण्याची कड सुटली, अगदी पातळ गुलाबी रेघ दिसली तरी अजून कच्चं आहे. बशी तिरकी केल्यावर ते सावकाश, एकसंध सरकलं आणि मागे पाणी राहिलं नाही की उतरवा. गार झाल्यावर अजून घट्ट होतं, म्हणून कढईतच दुकानच्या केचपइतकं घट्ट करायला जाऊ नका.

माप: 1 किलो पिकलेले लाल टोमॅटो, एक छोटा कांदा, 3-4 लसूण पाकळ्या एकत्र मऊ शिजवून वाटा आणि गाळून घ्या. मग त्यात लवंग, दालचिनी, मिरीची पुरचुंडी सोडून आटवायला ठेवा. निम्मं आटल्यावर 80 ग्रॅम साखर, दीड टीस्पून मीठ, आणि अगदी शेवटी पाव कप व्हिनेगर. साखर सुरुवातीला घातली तर तळाला लागते. पुरचुंडी दाबून काढून टाका. टोमॅटोत 94-95 टक्के पाणीच असतं, त्यामुळे किलोमागे साधारण 300 ते 400 मिली हातात येतं, ते बघून निराश होऊ नका. भांडं स्टीलचं घ्या, आंबट पदार्थ अ‍ॅल्युमिनियम खातो आणि चव धातूसारखी लागते.

13. मग ते केचप बाहेर ठेवलं तर चालेल? टिकवायला सोडियम बेंझोएट घालू का?

बाहेर नको. फ्रिजमध्ये ठेवा, कोरडा चमचा वापरा, तीन आठवड्यांत संपवा. टोमॅटोचं पीएच 4.6 च्या आगेमागे असतं आणि 4.6 च्या वर गेलं की बोट्युलिझमच्या जंतूंना वाढायला मोकळीक मिळते, तेव्हा आवडत नाही म्हणून व्हिनेगर वगळू नका.

बेंझोएट फक्त आंबट पदार्थात काम करतं आणि लागतं अगदी चिमटीभर, ते तोलायला बारीक वजनकाटा हवा. घरी महिन्याला एक बाटली संपत असेल तर त्याची गरजच काय? वर्षभराचं एकदम करून कपाटात ठेवायची हौस असेल तर ती हवाबंद कॅनिंगची वेगळी पद्धत आहे, त्यासाठी तपासून घेतलेली रेसिपी आणि तंतोतंत मापं लागतात, अंदाजपंचे होत नाही.

14. बाटल्या कशा उकळायच्या?

साबणाने धुऊन, बाटली पूर्ण बुडेल इतक्या पाण्यात ठेवून, उकळी आल्यापासून 10 मिनिटं. चिमट्याने काढून स्वच्छ कपड्यावर उलट्या. गरम सॉस गरम बाटलीतच भरा, गार काचेत ओतला तर तडा जातो. फडक्याने आतून पुसू नका, मग उकळल्याचा काय फायदा.

15. लसूण तेलात बुडवून बरणी ओट्यावर ठेवलीय, महिनाभर झाला, वास छान येतोय. वापरू?

टाकून द्या. या पानावरचं हे एकच उत्तर मी जोरात सांगते. लसूण मातीत वाढतो, त्यावर बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, लसूण आंबट नसतो आणि तेलाखाली हवा पोचत नाही, म्हणजे त्यांना जे जे हवं ते सगळं आपणच पुरवलं. त्या विषाला वास नसतो, चव नसते, रंगही बदलत नाही, त्यामुळे वास छान येतोय हा पुरावा नाही. साध्या उकळण्याने बीजाणू मरत नाहीत.

ताजा लसूण, मिरची किंवा हर्ब्ज घातलेलं तेल थोडंच करा, लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा, उरलं तर फ्रीझ करा (प्रश्न 20).

16. मेयोमध्ये कच्चं अंडं असतं, घरी लहान मूल आहे. काय करू?

लहान मुलं, गरोदर बायका आणि म्हातारी माणसं यांना कच्च्या अंड्याचा मेयो नको, साल्मोनेला या जंतूंचा धोका. पाश्चराइज्ड अंडी मिळाली तर ती घ्या, नाहीतर दुधाचा करा, मला तर तोच सोपा वाटतो: उंच भांड्यात अर्धा कप दूध, एक कप बिनवासाचं तेल, अर्धा टीस्पून मस्टर्ड, मीठ. हँड ब्लेंडर तळाला टेकवून चालू करा आणि वीस-तीस सेकंद अजिबात हलवू नका, खालून पांढरं घट्ट व्हायला लागलं की मग सावकाश वर उचला. एक टेबलस्पून लिंबाचा रस शेवटी, त्याने अजून घट्ट होतो. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस.

17. मेयो फुटला, तेल वेगळं झालं. टाकायचा?

नाही. स्वच्छ वाटीत एक टीस्पून मस्टर्ड आणि एक टीस्पून कोमट पाणी फेटा, त्यात फुटलेला मेयो थेंब थेंब घालत फेटत राहा. घाई केली की परत फुटतो.

18. चॉकलेट वितळवताना दगड झालं! पाण्याचा एक थेंबच पडला होता.

एक थेंब पडला म्हणूनच. थोडं पाणी लागलं की साखर आणि कोकोचे कण एकमेकांना चिकटून गोळा होतो. गंमत म्हणजे उपाय अजून पाणी. उकळतं पाणी किंवा गरम क्रीम एकेक चमचा घालत घोटा, सॉस होईल. परत वडी पाडता येणार नाही, पण आइस्क्रीमवर घालायला उत्तम.

ही कटकटच नको असेल तर कोकोचा सॉस करा: अर्धा कप कोको, पाऊण कप साखर, पाऊण कप पाणी, चिमूट मीठ, गुठळ्या मोडून दोन-तीन मिनिटं उकळा. फ्रिजमध्ये दोन आठवडे सहज राहतो.

19. सॉस खूप तिखट झाला. खारट झाला. आंबट झाला.

तिखट: पाणी ओतून उपयोग नाही, मिरचीचं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. बटर, क्रीम, दही असं काहीतरी स्निग्ध घाला. खारट: बटाटा टाकायचा सल्ला सगळे देतात, बटाटा फक्त खारट पाणी पितो, उरलेल्या सॉसचा खारटपणा आहे तेवढाच राहतो. बिनमिठाचा अजून अर्धा घाणा करून मिसळा. आंबट: आधी चिमूटभर साखर. खाण्याचा सोडा अगदी कणभर चालतो, फसफसतो, पण जरा जास्त पडला की साबणासारखी चव.

20. काय काय फ्रीझ होतं?

टोमॅटो सॉस, फळांचा गर, लिंबाचा रस, हर्ब्जचं तेल हे सगळं मस्त. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून क्यूब पिशवीत काढून ठेवा, हवा तेवढाच काढता येतो. बाटली असेल तर वर दोन बोटं जागा सोडा, पाणी गोठताना फुगतं. व्हाइट सॉस वितळल्यावर फुटल्यासारखा दिसतो, मंद गॅसवर व्हिस्कने घोटला की परत जमतो. मेयो फ्रीझ करू नका, तो जमत नाही.

21. गरम सॉस मिक्सरला लावला तर झाकण उडालं, भिंतीवर सगळं.

वाफ कोंडली. भांडं अर्ध्याच्या खाली भरा, झाकणातली छोटी टोपी काढून त्यावर घडी केलेलं फडकं धरा, सगळ्यात कमी स्पीडला सुरू करा. मिरचीचा सॉस असेल तर गार होऊ द्याच, त्याची वाफ डोळ्यात आणि घशात जाते, आणि हातमोजे घाला.

22. वर थोडीशीच बुरशी आहे, तेवढी काढून खाली वापरलं तर?

पातळ किंवा मऊ पदार्थात बुरशी दिसते त्याहून खोल गेलेली असते. सगळं टाका. आणि दर महिन्याला टाकावं लागत असेल तर बाटली मोठी होतेय, पुढच्या वेळी निम्म्या मापाने करा.